हाताला दिसणारी जागा

शिट्टी आधी लेकीला ऐकू आली. आमच्या जुन्या दोन आसनी गाडीचं इंजिन आसनांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे आहे. त्यामुळे त्याची कुरबुर थेट पाठीशीच ऐकू येते. एका चौकात थांबलो होतो, इंजिन संथ चालू होतं आणि ती म्हणाली, "बाबा, मागे कुणीतरी बारीक शिट्टी वाजवतंय." मी ॲक्सिलरेटरवर पाय हलकेच टेकवला तर आवाज गेला. पाय उचलला, परत आला.

घरी आल्यावर इंजिन बंद न करताच ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवलं. एरवी ते सहज हातात येतं आणि इंजिन क्षणभर अडखळतं. त्या दिवशी झाकण फिरून मोकळं झालं, तरी आतून कुणी धरून ठेवावं तसं तोंडाला चिकटून राहिलं. जोर लावून उपटलं, फुस्सकन हवा आत गेली आणि त्याच क्षणी शिट्टी थांबली. या दोन खुणा एकत्र दिसल्या की फारसा संशय उरत नाही. एअर-ऑइल सेपरेटर गेला होता.

हा सेपरेटर म्हणजे दोन मुठींएवढा, काळ्या प्लास्टिकचा, कुणाच्याही नजरेत न भरणारा डबा. तो काय करतो हे सांगायचं तर सुरुवात पिस्टनपासून करावी लागते. गाडी पूर्ण जोर लावते तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या पन्नास पटींहून वर जातो. पिस्टनच्या रिंगा हा दाब अडवून धरतात, पण रिंग म्हटली की तिला दोन टोकं आली आणि टोकांमध्ये केसाएवढी फट आली. त्या फटीतून थोडा वायू प्रत्येक स्फोटाला खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीत, निसटतो. इंजिन नवंकोरं असो की जुनं, हे टळत नाही. निसटलेल्या वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते आणि तेलाला आंबट करणारी रसायनं असतात. पिस्टनांच्या जोरावर खाली गरगरणारा दांडा, क्रँकशाफ्ट, तेलाचं धुकं उडवत असतो, त्यात हा वायू मिसळतो. त्याला वाट दिली नाही तर दाब साठत जातो आणि सगळ्यात कमकुवत सील शोधून तेल बाहेर काढतो.

पूर्वी ही वाट सरळ रस्त्यावर सोडलेली असे. क्रँककेसमधून एक नळी खाली उतरायची आणि गाडी चालली की वाऱ्याच्या ओढीने सगळा वायू बाहेर. जुन्या रस्त्यांच्या मधोमध दिसायचा तो काळा तेलकट पट्टा बऱ्याच अंशी त्या नळ्यांचा. पुढे १९५०च्या दशकात आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं मूळ गाड्यांच्या धुरात आणि उन्हात आहे हे दाखवून दिलं. १९६१ साली कॅलिफोर्नियाने क्रँककेसचा वायू परत इंजिनात ओढून जाळायची सक्ती केली. गाड्यांच्या प्रदूषणावर अमेरिकेत बसवलेलं ते पहिलं यंत्र. माझ्या मते मोटारीच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपल्याच इंजिनाची घाण आपल्याच इंजिनाने निस्तरायची, हा त्यामागचा विचार मला मनापासून आवडतो.

पण वायू परत ओढायचा तर त्यातलं तेल आधी काढायला हवं. म्हणून सेपरेटर. नीरक्षीरविवेक हा शब्द शाळेत पाठ केला होता, त्याचं काम करणारी वस्तू इतक्या वर्षांनी हातात आली. तेलकट हवा डब्यात शिरते, आतल्या आडव्या पडद्यांवर आपटत वळणं घेते. हवा हलकी, ती वळते. तेलाचे थेंब जड, त्यांना वळता येत नाही. ते भिंतीला चिकटतात, एकमेकांत मिसळतात आणि खालच्या वाटेने परत इंजिनात ओघळतात. वरच्या नळीतून बऱ्यापैकी कोरडा वायू इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा आत ओढतं त्या वाटेत, जातो.

त्या डब्यातला खरा नाजूक भाग म्हणजे एक रबरी पडदा, स्प्रिंगवर तोललेला. इंजिन संथ चालू असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, जी ओढ असते ती पाण्याच्या भाषेत सांगायची तर साधारण ६ मीटर उंचीच्या स्तंभाइतकी. आमच्यासारख्या इंजिनाच्या क्रँककेसला हवी असते फक्त १२-१३ सेंटिमीटरची. म्हणजे जवळजवळ पन्नास पटींचा फरक आणि तो सांभाळतो तो हा पातळ रबराचा तुकडा. ओढ वाढली की तो वाट बंद करत आणतो, कमी झाली की उघडतो. इंजिन चालू आहे तोवर त्याला क्षणाचीही उसंत नसते. वर्षानुवर्षं तेलाच्या उष्ण वाफेत राहून रबर कडक होतं, एके दिवशी चिरतं. मग चिरेतून बाहेरची हवा शिरते, ती शिट्टी. आणि मॅनिफोल्डची ओढ थेट क्रँककेसवर पडते, ते न सुटणारं झाकण.

मोजल्याशिवाय पार्ट मागवायचा नाही, हा माझा नियम आहे. पारदर्शक नळीचा यू आकार करून उंच फळीवर बांधला, त्यात रंग घातलेलं पाणी भरलं. एक टोक हवेत उघडं, दुसरं टोक भोक पाडून निप्पल बसवलेल्या जादा झाकणाला. नळी मुद्दाम मीटरभर उंच ठेवली, कारण ओढ जास्त निघाली तर पाणी थेट इंजिनात जायचं. मी आत बसलो, लेक फळीपाशी पट्टी घेऊन उभी. इंजिन चालू केलं. "वर चाललंय, बाबा... दहा... पंधरा... वीस... अजून चाललंय!" अठ्ठावीसला मी किल्ली फिरवून बंद केलं. दोन्ही बाजूंचं पाणी हळूहळू एका पातळीवर येताना ती बघत राहिली. इंजिन श्वास घेतं हे मी तिला कितीदा सांगितलं असेल, पण ते तिने पाहिलं त्या दिवशी.

पार्ट यायला वेळ होता, तोवर गाडी हलवायची नाही असं ठरवलं होतं. तरी एका सकाळी ती नुसती चार हात पुढे घ्यायची म्हणून सेल मारला. सपाट इंजिनात सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे रात्रभरात थोडं तेल रिंगांपाशी साचतं आणि सकाळी एक निळसर फुंकर निघते. ती आजाराची खूण नाही. कार्ल बेंझने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समोरासमोर पिस्टनचं इंजिन केलं, ती रचना आजही चालू आहे आणि तिच्या सोबत ही फुंकरही. पण त्या सकाळी निघालं ते वेगळं होतं. सायलेन्सरमधून पांढरा-निळा धूर लोटावर लोट आला, आरशात मागचं काही दिसेना, जळक्या तेलाचा वास घशाला लागला. मी लगेच बंद केलं.

आणि नंतर पुन्हा सेल मारला नाही. हे जरा थांबून सांगण्यासारखं आहे, कारण अशा वेळी हात आपोआप किल्लीकडे जातो. सेपरेटर पूर्ण फाटला की मॅनिफोल्ड नुसती हवा नाही, तेलही ओढून घेतं. ते तेल एखाद्या सिलिंडरमध्ये साचलं आणि पिस्टन वर आला तर? हवा दबते, तेल दबत नाही. मग जे वाकतं ते कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा. मी सहाही प्लग काढले. चार कोरडे होते, दोन तेलाने माखलेले. इंधन आणि इग्निशन बंद ठेवून प्लगच्या उघड्या भोकांनिशी इंजिन स्टार्टरवर चार-सहा फेरे फिरवलं. एका भोकातून तेलाची बारीक चिळकांडी उडून खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर पडली. तो डाग बघून अंगावर काटा आला. थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, मागच्या नळीत फडकं घातलं तर ते काळं चिंब होऊन आलं. पिळून, पुसून, पुन्हा घालून, असं अर्धा दिवस चाललं.

त्या अर्ध्या दिवसात पुढचा विचार झाला. नुसता तसाच नवा डबा बसवायचा, की काही सुधारायचं? स्पोर्ट्स कारच्या बाबतीत सुधारणा म्हटलं की लोक विचारतात, किती हॉर्सपॉवर वाढली. या कामात एकही वाढत नाही. पण ही गाडी मी वर्षातून काही वेळा ट्रॅकवर नेतो आणि लांब वळणाचा हिशेब वेगळा असतो. वळणात आडवा जोर १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका, झाला की तेलाच्या दृष्टीने जमीन ४५ अंशांनी कलते. सपाट इंजिनात मग तेल बाहेरच्या बाजूच्या हेडमध्ये धावतं आणि श्वासाच्या वाटेवर चढतं. रोजच्या रस्त्यासाठी केलेल्या डब्याने ते सगळं गाळावं ही अपेक्षा जास्तच आहे. रेसिंगच्या गाड्यांना मोठे, जास्त पडद्यांचे सेपरेटर असतात ते यामुळेच.

मी ठरवलं ते असं : मूळ जागी मूळ मापाचाच नवा सेपरेटर आणि त्याच्यापुढे, इनटेककडे जाणाऱ्या नळीत, जाळीचा एक बंद कॅच कॅन, म्हणजे उरलेलं तेल पकडणारा डबा. मोठ्या डब्यात वायूचा वेग मंदावतो, जाळीवर बारीक थेंब एकमेकांना भेटून जड होतात आणि तळाशी बसतात. अगदी सूक्ष्म थेंब यातूनही निसटतात, पण इनटेकमध्ये थारोळं साचवणारे थेंब अडकतात. काही जण कॅच कॅनचं दुसरं टोक हवेत उघडं सोडतात. मला ते मुळीच पटत नाही. एक तर क्रँककेसला लागणारी ओढच जाते, पाण्याची वाफ आत राहते आणि झाकणाखाली पिवळट लगदा धरतो. आणि दुसरं, साठ वर्षांपूर्वी जी नळी मोठ्या प्रयत्नाने रस्त्यावरून हटवली ती मी माझ्या हाताने परत का लावावी?

आता प्रत्यक्ष काम. गाडी चार स्टँडवर घेतली, बॅटरीची ऋण तार सोडली, इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे मी लेकीला सांगितलं आणि मग स्टँडवरची गाडी दोघांनी मिळून धक्का देऊन पाहिली. सेपरेटर इंजिनाच्या वरच्या अंगाला, गिअरबॉक्सकडच्या टोकाशी लपलेला. वरून पाहिलं तर थ्रॉटल बॉडी आणि इनटेकच्या नळ्या आड येतात, खालून पाहिलं तर काहीच दिसत नाही. आड येणारं सगळं उतरवलं. दोन बोल्ट लांब एक्स्टेन्शन लावून सुटले. वरची नळी सुटली. राहिला तो खालच्या घडीदार नळीला आवळून धरणारा पट्टीचा क्लॅम्प.

तो क्लॅम्प मला कधीच दिसला नाही, आजतागायत नाही. मनगट एका कंसाखालून वळवलं की मधलं बोट त्याच्या पट्टीला लागायचं आणि कोपर थोडं उचललं की अंगठा त्याच्या कानापर्यंत पोचायचा. आरसा लावून पाहिलं, छोटा कॅमेरा लावून पाहिलं. पण आरशात डावं-उजवं उलटं होतं आणि हात गोंधळतो. शेवटी डोळे मिटले. खरंच मिटले. आणि एकेक गोष्ट कळू लागली : ही गुळगुळीत म्हणजे ॲल्युमिनियम, ही खरखरीत आणि किंचित मऊ म्हणजे रबर, हा थंड काठ म्हणजे क्लॅम्प, आणि इथे त्याचा कान, पाठ फिरवून बसलेला. नव्या डब्याला तसाच क्लॅम्प सैल बसवून मी टेबलाखाली हात घालून डोळे मिटून तो सोडवायचा सराव केला, पंधरा-वीस वेळा. मग परत गाडीपाशी गेलो. अर्ध्या तासाने पक्कड कानावर बसली, क्लॅम्प टचकन उघडला. तो आवाज ऐकून लेक धावत आली.

नळी ओढली आणि ती हातात तुटली.

वर्षानुवर्षं तापून थंड झालेलं ते प्लास्टिक पापुद्र्यासारखं ठिसूळ झालं होतं. काठाचे तुकडे झाले. काही तळव्यात आले, काही खाली घरंगळले आणि ज्या तोंडावर ती नळी होती ते तोंड सरळ क्रँककेसमध्ये उघडतं. मी आधी दोरा बांधलेलं स्वच्छ फडकं त्या तोंडात बसवलं आणि मग हात काढला. बराच वेळ काही बोललो नाही.

मग पांढरं कापड अंथरून सगळे तुकडे मांडले. उत्खननात फुटक्या भांड्याच्या खापऱ्या जुळवतात तसा तो काठ जुळवत बसलो, जुन्या डब्याला चिकटून राहिलेला भाग मध्ये ठेवून. लेकीची नजर तीक्ष्ण. तुटलेल्या कडेचा रंग बघून ती तुकडे लावत गेली. शेवटी नखाएवढी एक जागा रिकामी राहिली. एक तुकडा कमी. तो क्रँककेसमध्ये गेला असेल तर नुसत्या आशेवर इंजिन चालू करणं मला जमलं नसतं. विजेरी, चुंबक, आरसा, सगळं झालं. प्लास्टिकला चुंबकाचा उपयोग नाही हे माहीत असून तोही फिरवला. खालचा पुठ्ठा तीनदा झाडला. तिन्हीसांजेला तिने जुन्या नळीच्या घड्या एकेक ताणून आत बोट फिरवलं आणि सगळ्यात खालच्या घडीत, तेलाच्या चिकटीत रुतलेला तो तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. रिकाम्या जागी लावून पाहिला. नेमका बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते पाहिलं तरी मला काही वाटलं नाही.

बसवण्यात एकच युक्ती सांगतो. नवा क्लॅम्प स्क्रूचा घेतला आणि नळीवर चढवण्याआधीच त्याच्या स्क्रूचं डोकं कोणत्या दिशेला येईल ते ठरवून त्या जागी रंगाचा ठिपका दिला, म्हणजे लांब पेचकस खालून सरळ पोचेल. पुढच्या वेळी जो कुणी हे उघडेल त्याला डोळे मिटून बसावं लागू नये. ओ-रिंगला ताज्या ऑइलचं बोट फिरवलं. बोल्ट ६ मिलिमीटरचे, ते मऊ धातूत बसतात, म्हणून टॉर्क पान्याने १० न्यूटन-मीटरला थांबलो. इथे जोर केला की आटे मेले म्हणून समजा. कॅच कॅनच्या नळ्या तेल आणि पेट्रोल सोसणाऱ्या, ओढीने चपट्या न होणाऱ्या, आतून मूळ नळीपेक्षा अरुंद नसलेल्या घेतल्या. त्यांना कुठेही झोळ पडू दिला नाही, कारण झोळात तेल साचलं की वाटच बंद होते.

जुना डबा करवतीने कापला. पडदा काढून दिव्यासमोर धरला तर कडेला, जिथे तो रोज दुमडत असणार तिथेच, बोटाच्या पेराएवढी चीर. ती ओठांसारखी उघडायची आणि मिटायची. मिटली की पडदा अगदी धडधाकट दिसे. नुसत्या नजरेने तपासला असता तर मी तो चांगला म्हणून परत बसवला असता.

नवे प्लग घातले आणि सेल मारला. सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळून जायला वीसेक मिनिटं लागली आणि तेवढा वेळ धूर येतच होता. ती वीस मिनिटं फार लांब होती. मग तो विरळ झाला, निळसर झाला, दिसेनासा झाला. शिट्टी नव्हती. लेकीने पुन्हा फळी उभी केली, झाकण लावलं, पट्टी धरली. "दहा... बारा..." पाणी तिथे थांबलं आणि किंचित थरथरत राहिलं. मी ॲक्सिलरेटर हलकेच दाबून सोडला. ते खाली गेलं, पुन्हा बारावर आलं.

पुढे १५०० किलोमीटरनंतर, त्यात ट्रॅकवरचा एक दिवस धरून, कॅच कॅन पहिल्यांदा उघडला. तळाशी करड्या रंगाचा पातळ द्रव होता, पेट्रोलचा वास येणारा, जेमतेम बाटलीचा तळ झाकेल एवढा. हे इंजिनात परत ओतायचं नसतं, वापरलेल्या ऑइलबरोबर वेगळं द्यायचं असतं. थ्रॉटलच्या मागच्या नळीत पांढरं फडकं फिरवलं, त्यावर फक्त फिकट पिवळी छटा आली. लेकीने बाटली उजेडात धरून हलवून पाहिली, झाकण घट्ट केलं आणि चिकटपट्टीवर तारीख आणि किलोमीटर लिहिले. तो नखाएवढा तुकडा तिने त्याच फळीवर, बारा सेंटिमीटरच्या खुणेपाशी चिकटवून ठेवला आहे.